शीतकपाटाचे कपडे बदलताना

पाठीवर घर घेऊन हिंडणारी गोगलगाय तुम्ही पावसाळ्यात पाहिली असेल. अमेरिकेत, युरोपात आणि ऑस्ट्रेलियात अनेक कुटुंबे सुटीच्या दिवसांत जवळजवळ असेच करतात. फरक एवढाच, की त्यांच्या घराला चाके असतात. या वाहनाला मोटारहोम म्हणतात. पुढे चालकाची जागा, मागे झोपायचे बिछाने, छोटी मोरी, गॅसची शेगडी आणि शेगडीजवळ भिंतीत बसवलेला फ्रिज, असा सगळा संसार त्यात असतो. अमेरिकेच्या आयोवा राज्यात फॉरेस्ट सिटी नावाचे एक गाव आहे. तेथील विनेबागो कंपनीने १९६६ साली मोटारहोम बनवायला सुरुवात केली आणि हळूहळू हे चाकांवरचे घर सामान्य कुटुंबांच्या ओळखीचे झाले.

या घरातल्या फ्रिजचे दार जरा निराळे असते. आपल्या घरी फ्रिजच्या दाराला बहुधा रंगवलेला पत्रा असतो. मोटारहोममधल्या पुष्कळ फ्रिजांना मात्र दाराच्या कडेने फक्त एक चौकट असते आणि चौकटीच्या खाचेत एक पातळ पॅनेल सरकवलेले असते. आसपासची कपाटे सागाच्या रंगाची असली तर पॅनेलही सागाच्या रंगाचे. कपाटे पांढरी असली तर तेही पांढरे. थोडक्यात, पॅनेल म्हणजे दाराचा सदरा!

दहा-पंधरा वर्षे गेली की हा सदरा विटतो. खिडकीतून येणाऱ्या उन्हातील जंबुपार किरणांनी रंग उडतो. हाताच्या तेलकटपणाने मुठीजवळ डाग पडतात. ओलाव्याने कडा फुगतात, प्लायवुडचे थर सुटतात, गाडीच्या हादऱ्यांनी कोपरे झिजतात. आतला फ्रिज मात्र ठणठणीत असतो. मग केवळ रूप गेले म्हणून तो फेकून द्यायचा का? अर्थातच नाही. पॅनेल बदलले की काम झाले. हे काम घरच्या घरी करता येते आणि पुष्कळ लोक ते करतात.

पण थांबा! सदरा बदलताना दाराच्या प्रकृतीकडे दुर्लक्ष झाले, तर दार सुंदर दिसेल आणि आतले दूध नासेल. असे का होते, ते समजून घेण्यासाठी आधी या फ्रिजची ओळख करून घेऊ.

ज्योतीवर चालणारा फ्रिज

घरच्या फ्रिजमध्ये विजेवर चालणारा काँप्रेसर असतो. जंगलात किंवा समुद्रकिनारी मुक्काम असला की वीज कोठून आणायची? ही अडचण सुटली ती स्वीडनमध्ये. १९२२ साली स्टॉकहोम येथील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत शिकणाऱ्या बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी उष्णतेवर चालणारे शीतयंत्र तयार केले. १९२५ पासून इलेक्ट्रोलक्स कंपनीने त्याचे उत्पादन सुरू केले. अमेरिकेत हाच फ्रिज सर्व्हेल कंपनीने बनवला.

गॅस जाळून थंडी मिळवायची, हे ऐकायला विचित्र वाटते. पण त्यामागचे तत्त्व तुम्हांला माहीत आहे. हातावर स्पिरिट ओतले की गार वाटते, कारण द्रवाची वाफ होताना तो हाताची उष्णता घेतो. या फ्रिजमध्ये स्पिरिटचे काम अमोनिया करतो. अमोनिया पाण्यात भरपूर विरघळतो. हे द्रावण लहानशा ज्योतीने तापवले, की अमोनिया वायुरूपाने बाहेर पडतो. मागच्या नळ्यांमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रवरूप होतो. हा द्रव मग हायड्रोजन भरलेल्या नळीत उतरतो. तेथे अमोनियाचा स्वतःचा दाब कमी असल्याने त्याची भराभर वाफ होते आणि फ्रिजच्या आतली उष्णता शोषली जाते. शेवटी ही वाफ पुन्हा पाण्यात विरघळते आणि चक्र नव्याने सुरू होते. यात एकही फिरणारा भाग नाही, म्हणून आवाजही नाही.

या यंत्राच्या दोन मर्यादा आहेत. द्रव गुरुत्वाकर्षणाने खाली उतरत असल्यामुळे मुक्कामाच्या जागी गाडी जवळजवळ समपातळीत उभी करावी लागते. दुसरी मर्यादा आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. ज्योतीतून जेवढी उष्णता मिळते, तिच्या निम्मीसुद्धा उष्णता हे यंत्र फ्रिजमधून बाहेर काढू शकत नाही. घरचा काँप्रेसर दारातून शिरलेली उष्णता चटकन उपसतो. हा फ्रिज सावकाश काम करतो. अलीकडे लिथियम बॅटऱ्यांमुळे १२ व्होल्टवर चालणारे काँप्रेसरचे फ्रिजही मोटारहोममध्ये बसवले जात आहेत. तरीही बॅटरीतली वीज मोजकीच असते. फ्रिज कोणताही असो, चाकांवरच्या घरात थंडी महाग असते. ती राखण्याची जबाबदारी दारावर पडते.

थंडी कोण राखते?

दाराचा आडवा छेद घेतला तर काय दिसेल? बाहेर पॅनेल, मग एक पातळ पत्रा किंवा प्लॅस्टिकचा पडदा, त्यामागे पॉलियुरेथेनचा फेस आणि शेवटी आतले प्लॅस्टिकचे कवच. फेसात अगणित बंद पेशी असतात. त्यांत अडकलेला वायू हलू शकत नाही, त्यामुळे उष्णतेला वाट मिळत नाही.

आता थोडे गणित करू. समजा, दार ६० सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे क्षेत्रफळ ०.५४ चौरस मीटर. फेसाची जाडी ३ सेंटिमीटर. बाहेर ३० अंश, आत ५ अंश सेल्सिअस. तापमानातील फरक २५ अंश. फेसाची उष्णतावाहकता ०.०२५ धरली, तर दारातून आत शिरणारी उष्णता अशी मिळते :

०.०२५ × ०.५४ × २५ ÷ ०.०३ = सुमारे ११ वॅट.

यावर ३ मिलिमीटर प्लायवुडचे पॅनेल लावले तर किती फरक पडेल? प्लायवुडची उष्णतावाहकता सुमारे ०.१२ असते. एखादा थर उष्णतेला किती अडवतो हे पाहण्यासाठी त्याच्या जाडीला वाहकतेने भागायचे. फेसासाठी उत्तर येते १.२ आणि प्लायवुडसाठी फक्त ०.०२५. म्हणजे पॅनेलमुळे रोध जेमतेम २ टक्के वाढतो! जाड पॅनेल लावले की फ्रिज अधिक थंड राहील, असे कोणाला वाटत असेल तर तो भ्रम आहे.

दाराच्या आतल्या कडेला चारही बाजूंनी मऊ रबरी पट्टी असते. तिला गॅस्केट म्हणतात. आपण नुसते 'फ्रिजचे रबर' म्हणतो. या पट्टीच्या पोटात लांब, लवचिक चुंबक असतो. तो पट्टीला फ्रिजच्या चौकटीकडे ओढून धरतो. समजा, हे रबर एका कोपऱ्यात नीट टेकत नाही आणि त्या फटीतून दर तासाला एक घनमीटर बाहेरची हवा आत जाते. ३० अंशांच्या दमट हवेत एका घनमीटरमागे सुमारे २० ग्रॅम पाण्याची वाफ असते. ५ अंशांना हवेत ७ ग्रॅमच मावते. उरलेल्या १३ ग्रॅम वाफेचे आत पाणी होते. एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे २,५०० ज्यूल उष्णता बाहेर पडते. म्हणजे वाफेमुळे झाले ३२,५०० ज्यूल. हवा ३० अंशांवरून ५ अंशांवर आणण्यासाठी आणखी सुमारे ३०,००० ज्यूल काढावे लागतात. एकूण साडेबासष्ट हजार ज्यूल, तेही दर तासाला. तासाच्या ३,६०० सेकंदांनी भागा. उत्तर येते सुमारे १७ वॅट!

पाहा बरे, संपूर्ण दारातून ११ वॅट आणि एका कोपऱ्यातल्या फटीतून १७ वॅट. शिवाय आलेले पाणी थंड पट्ट्यांवर हिमाच्या रूपाने साठते आणि थंडीच्या वाटेतच भिंत उभी करते. म्हणून लक्षात ठेवा : पॅनेल दाराचे रूप राखते, थंडी राखतात फेस आणि रबर. पॅनेल बदलताना या दोघांना धक्का लागता कामा नये.

वजनाचा हिशेब

नवे पॅनेल कशाचे करावे? प्लायवुडचे? आरशाचे? चकचकीत पोलादी पत्र्याचे? दिसायला सगळीच छान असतात. ती दारावर किती भार टाकतात, हे घनतेवरून काढता येते. आपल्या दाराच्या मापाने हिशेब असा :

३ मिलिमीटर प्लायवुड – सुमारे १ किलो
१ मिलिमीटर ॲल्युमिनियम – सुमारे दीड किलो
१२ मिलिमीटर प्लायवुड – सुमारे ४ किलो
३ मिलिमीटर काच – सुमारे ४ किलो
१ मिलिमीटर पोलादी पत्रा – सुमारे सव्वाचार किलो

तीन किलो जास्त झाले तर काय बिघडले, असे तुम्ही म्हणाल. दार म्हणजे भिंतीला आडवी टांगलेली तरफ आहे. पॅनेलचे वजन दाराच्या मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून ३० सेंटिमीटरवर काम करते. वरची आणि खालची बिजागरी एकमेकींपासून ९० सेंटिमीटरवर आहेत. तरफेच्या नियमाप्रमाणे ३ किलो जादा वजनामुळे वरची बिजागरी १ किलो वजनाएवढ्या जादा जोराने बाहेर ओढली जाते. घरातले दार असते तर हे चालून गेले असते. पण मोटारहोम रस्त्यावर धावते. प्रत्येक खड्ड्यात गाडी उसळून आपटते, तेव्हा हा ओढा क्षणभर दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. हजारो किलोमीटर असे धक्के बसल्यावर प्लॅस्टिकची बिजागरी झिजते, दार मुठीच्या बाजूला खाली झुकते आणि वरच्या कोपऱ्यात रबर चौकटीपासून सुटते. आपण मघाशी हिशेब केला ती १७ वॅटची फट नेमकी अशीच तयार होते!

काचेचा आणखी एक धोका आहे. हादऱ्याने ती फुटली, तर धावत्या गाडीत तुकडे उडतील. म्हणून हलक्या आणि न फुटणाऱ्या वस्तूच निवडाव्यात. चौकटीची खाचही साधारण तीन ते पाच मिलिमीटर जाडीचेच पॅनेल घेते. त्यापेक्षा जाड पॅनेल कोंबले, तर चौकट फाकते.

काम कसे करतात?

आता प्रत्यक्ष कृती पाहू. प्रथम फ्रिज बंद करायचा; गॅस आणि वीज दोन्ही तोडायची. मुलांनी हा भाग मोठ्यांवरच सोपवावा. फ्रिज रिकामा करून हिम वितळू द्यायचे आणि दार कोरडे पुसायचे.

दाराच्या एका बाजूला, बहुधा मुठीच्या किंवा बिजागरीच्या कडेला, सुटी होणारी पट्टी असते. तिचे स्क्रू काढले, की जुने पॅनेल खाचेतून सरकवून बाहेर घेता येते. ते मोडले तरी फेकू नये, कारण नव्या पॅनेलचा साचा तेच आहे. मात्र ओलाव्याने ते फुगलेले असू शकते. म्हणून चौकटीचे मापही वर, मध्ये आणि खाली असे तीन ठिकाणी घ्यावे आणि सर्वांत लहान माप धरावे. कोपरे काटकोनात आहेत की नाहीत, ते गुण्याने तपासावे. नवे पॅनेल मापापेक्षा दीड-दोन मिलिमीटर लहान कापावे. उन्हात गाडी तापते आणि दमट हवेत लाकूड फुगते. त्या वाढीला जागा ठेवली नाही, तर पॅनेल मध्येच फुगून वर येते.

लाकूड तंतूंच्या दिशेने फारसे फुगत नाही, तंतूंना आडव्या दिशेने पुष्कळ फुगते. प्लायवुडमध्ये पातळ थर एकाआड एक उभे-आडवे चिकटवतात. प्रत्येक थर शेजारच्या थराला आवरतो. थरांची संख्या बहुधा विषम ठेवतात, म्हणजे मधल्या थराच्या दोन्ही बाजूंना ताण सारखा राहतो. हा समतोल आपणच मोडला तर? पुष्कळजण पॅनेलची पुढची बाजू सुंदर रंगवतात आणि मागची कोरी सोडतात. कोरी बाजू हवेतला ओलावा पिऊन फुगते, रंगवलेली बाजू तशीच राहते आणि पॅनेलची कमान होते. म्हणून व्हार्निश किंवा रंग दोन्ही बाजूंना आणि चारही कडांना द्यावा. कडांना तर दोन हात द्यावेत, कारण तेथे तंतूंची तोंडे उघडी असतात आणि पाणी नळीतून चढावे तसे आत चढते.

जुने पॅनेल सपाट आणि मजबूत असेल, फक्त रंग गेला असेल, तर कापाकापीची गरजच नाही. साबणाच्या पाण्याने ते स्वच्छ धुवावे, तेलकटपणा स्पिरिटने काढावा, बारीक पॉलिशपेपर फिरवावा आणि वर नवा रंग किंवा चिकटणारी प्लॅस्टिकची फिल्म लावावी. फिल्म एका कडेपासून सुरू करून मऊ फडक्याने हवा बाहेर दाबत न्यावी. वजन जवळजवळ वाढत नाही, त्यामुळे हा उपाय सर्वांत सुरक्षित म्हणायला हवा.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये : पॅनेल घट्ट बसावे म्हणून दारात नवे स्क्रू मारायचे नाहीत. स्क्रू आतला पडदा फोडून फेसात घुसतो. त्या छिद्रातून दमट हवा आत जाते, थंड भागात तिचे पाणी होते आणि फेस ओला होतो. पाण्याची उष्णतावाहकता फेसाच्या वीसपटींहून अधिक असते. ओला फेस म्हणजे भिजलेली गोधडी. ती ऊब राखत नाही आणि थंडीही राखत नाही.

फ्रिजच्या मागच्या नळ्यांना आणि जाळ्यांना तर हातही लावू नये. तेथे अमोनिया आणि हायड्रोजन मोठ्या दाबाखाली असतात. ज्योतीचा धूर बाहेर जावा म्हणून मागे हवेची वाट ठेवलेली असते. शोभेसाठी ती वाट बुजवली, तर जिवावर बेतू शकते. अमोनियाचा झोंबणारा वास आला, तर दारे-खिडक्या उघडून सर्वांनी बाहेर पडावे आणि जाणकाराला बोलवावे.

खटका आणि एक जुना धडा

नवे पॅनेल बसले, पट्टी लागली. आता दाराचा खटका तपासायचा. घरच्या फ्रिजला खटका नसतो, रबरातला चुंबक पुरतो. मोटारहोममध्ये मात्र तो लागतोच. का? समजा, गाडी ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने २० मीटर त्रिज्येच्या वळणावर आहे. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे ५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके त्वरण लागते. गाडी वळते, पण आतले १० किलो सामान जडत्वामुळे सरळ जाऊ पाहते. दार वळणाच्या बाहेरच्या बाजूला असेल, तर त्यावर ५० न्यूटनचा, म्हणजे सुमारे ५ किलो वजनाएवढा रेटा येतो. खटका सैल असला, की दुधाची बाटली जमिनीवर!

या खटक्यामागे एक दुःखद इतिहास आहे. पूर्वी घरच्या फ्रिजांनाही बाहेरून लागणारे खटके असत. अमेरिकेत टाकून दिलेल्या फ्रिजांत मुले लपाछपी खेळताना शिरत, दार बंद होई आणि आतून ते उघडता येत नसे. रबराची हवाबंद पकड, जी अन्न राखते, तीच त्या मुलांच्या जिवावर उठली. शेवटी १९५६ साली अमेरिकेत कायदा झाला आणि ३० ऑक्टोबर १९५८ नंतर बनणाऱ्या घरगुती फ्रिजांची दारे आतून ढकलून उघडता आली पाहिजेत, असे बंधन आले. चुंबकाची पट्टी सर्वत्र दिसू लागण्यामागे हेही एक कारण होते. म्हणून जुना फ्रिज, मग तो खटक्याचा असो वा चुंबकाचा, भंगारात काढताना त्याचे दार आधी बिजागरीपासून वेगळे करायचे, हा नियम कायमचा लक्षात ठेवा.

करून पाहा

मोटारहोम तुमच्याजवळ नसेल, पण फ्रिज घरी, शेजारी किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत असेल. मोठ्यांना विचारून हे प्रयोग करा.

१. कागदाची पोस्टकार्डाएवढी पट्टी दाराच्या फटीत अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावा आणि पट्टी हळूच ओढा. ती अडखळत आली तर रबर नीट टेकते आहे. सहज निसटली तर तेथे फट आहे. दाराच्या चारही बाजूंना दहा-बारा ठिकाणी असे पाहा आणि वहीत दाराची आकृती काढून फटींच्या जागा दाखवा.

२. रात्री खोलीत अंधार करा. पेटवलेली विजेरी फ्रिजमध्ये दाराकडे तोंड करून ठेवा आणि दार लावा. कडेने कोठे प्रकाश झिरपतो का, ते बघा. पहिल्या प्रयोगातल्या जागा आणि या जागा जुळतात का?

३. फट सापडली तर घाबरू नका. पुष्कळदा रबरावर नुसता चिकट मळ साचलेला असतो. कोमट साबणपाण्याने रबराच्या घड्या पुसा, कोरड्या करा आणि पुन्हा कागद ओढून पाहा. कडक झालेले रबर कोमट पाण्याच्या फडक्याने शेकले, तर ते थोडे मऊ होऊ शकते. चिरलेले रबर मात्र बदलावेच लागते.

४. तुमच्या फ्रिजच्या दाराची लांबी-रुंदी मोजा. त्यावर ४ मिलिमीटर जाडीचा आरसा लावला, तर त्याचे वजन किती होईल? काचेची घनता दर घनमीटरला २,५०० किलो धरा. त्यामुळे वरच्या बिजागरीवर किती जादा ओढा पडेल, तेही काढा.

दुरुस्ती म्हणजे केवळ हाताचे काम नाही. कोणता भाग शोभेसाठी आहे आणि कोणता कामासाठी, हे ओळखले तर जुनी वस्तू आणखी कितीतरी वर्षे चालते. पॅनेल कोणत्या रंगाचे घ्यायचे, हे घरातल्या सर्वांनी मिळून ठरवावे. ते किती जाड आणि किती जड घ्यायचे, हे मात्र बिजागरीला आणि रबराला विचारूनच ठरवावे!